करवंट्यांवर दौडणारा राजा : 'होली ग्रेल' या पिक्चरचं प्रकरण

इंग्लंडच्या दंतकथांमधल्या राजा आर्थरवर आजवर ढिगाने पिक्चर निघालेत, चकाचक चिलखतं, शेकडो घोडे, मोठमोठे सेट, आणि त्यातले बरेचसे आता कुणाला आठवतही नाहीत. पण 1975 साली सहा जणांच्या एका टोळीने, ज्यांना घोडे परवडत नव्हते आणि किल्ले मिळत नव्हते, 'मॉन्टी पायथन अँड द होली ग्रेल' नावाचा जो प्रकार काढला, तो पन्नास वर्षं झाली तरी लोक डायलॉगसकट पाठ म्हणतात. इथपर्यंत बऱ्याच जणांना माहिती असतं. मला त्यातला जो भाग जास्त इंटरेस्टिंग वाटतो तो वेगळाच आहे. हा पिक्चर पैसे लावणाऱ्यांना आणि निवडक लोकांना पहिल्यांदा दाखवला तेव्हा तो सपशेल पडला होता. सुरुवातीला लोक हसले, मग हळूहळू थिएटर गार झालं. तेच नट, तेच जोक्स, तोच राजा. मग असं काय बदललं की तोच पिक्चर नंतर लोकांनी डोक्यावर घेतला? दंतकथांची टर उडवणारे येडचाप पिक्चर का आवडतात याचं उत्तर मला तरी याच एका प्रकरणात सापडतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी मंडळी, म्हणजे ही 'मॉन्टी पायथन' नावाची विनोदी टोळी, कोण ते सांगतो. ग्रॅहम चॅपमन, जॉन क्लीझ, टेरी गिलियम, एरिक आयडल, टेरी जोन्स आणि मायकेल पेलिन. गिलियम अमेरिकन, बाकी पाच जण ऑक्सफर्ड नाहीतर केंब्रिजचे, चॅपमन तर डॉक्टरकी शिकलेला. 1969 पासून बीबीसीवर त्यांचा स्केच शो गाजत होता, 1971 मध्ये त्यातलीच स्केचेस परत शूट करून एक पिक्चरही झाला होता, पण सलग एक गोष्ट असलेला पिक्चर अजून जमला नव्हता. ग्रेलची पहिली स्क्रिप्ट अर्धी जुन्या काळात आणि अर्धी आजच्या लंडनमध्ये होती, आणि आर्थर आणि त्याचे सरदार ज्याच्या शोधात असतात तो पवित्र प्याला, म्हणजेच होली ग्रेल, शेवटी हॅरॉड्स या बड्या दुकानात काउंटरवर मिळतो असं काहीतरी होतं. हे सगळं नंतर काढून टाकलं आणि अख्खी गोष्ट मध्ययुगातच ठेवायचं ठरलं. यामागे जोन्सचा जोर होता, कारण हा माणूस चॉसर नावाच्या चौदाव्या शतकातल्या कवीच्या नादी लागलेला, पुढे 1980 मध्ये त्याने चॉसरच्या गोष्टींतल्या नाइटवर (नाइट म्हणजे मध्ययुगातला चिलखत घातलेला सरदार) एक अभ्यासू पुस्तकही लिहिलं. म्हणजे टर उडवणारा माणूस ज्याची टर उडवतोय त्याच्या प्रेमात होता, हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता पैसे. स्टुडिओवाल्यांनी हात वर केले. मग पैसा आला रॉकवाल्यांकडून, पिंक फ्लॉइड, लेड झेपेलिन, जेथ्रो टलचा इयन अँडरसन आणि काही रेकॉर्ड कंपन्या. त्यांना कलेचा पुळका होता असं नाही (थोडा असेलही), पण 1974 साली ब्रिटनमध्ये सगळ्यात वरच्या कमाईवर 83 टक्के टॅक्स होता, त्यापेक्षा पिक्चरमध्ये घातलेले बरे. एकूण बजेट 2 लाख 29 हजार पाउंडांच्या आसपास. राजेरजवाड्यांच्या पिक्चरसाठी ही रक्कम म्हणजे चणे-फुटाणेच.

आणि मग स्कॉटलंडमध्ये शूटिंगच्या तोंडावर घोळ झाला. किल्ले आधीच बघून ठरवून ठेवलेले, आणि ऐनवेळी सरकारी खात्याने परवानगी काढून घेतली. उरले फक्त दोन खाजगी मालकीचे किल्ले, डून आणि स्टॉकर. त्यातला स्टॉकर शेवटच्या सीनपुरता. त्यामुळे पिक्चरमध्ये जो जो किल्ला दिसतो, फ्रेंच शिपायांचा, दलदलीतल्या राजाचा, पोरींनी भरलेला तो अँथ्रॅक्स, कॅमलॉटच्या आतला दरबार, हे सगळं जवळपास डूनच आहे, कधी ही भिंत तर कधी ती. कॅमलॉट बाहेरून दाखवायचा होता तर एक प्लायवूडचा कटआउट डोंगरावर उभा केला, आणि सगळे नाइट्स भारावून त्याच्याकडे बघत असताना आर्थरचा नोकर हळूच म्हणतो की हे नुसतं मॉडेल आहे, आणि आर्थर त्याला गप्प बसवतो. पहिल्याच दिवशी कॅमेरा बिघडला. चिलखताच्या जाळ्या लोखंडाच्या परवडेनात म्हणून लोकरीच्या विणून चंदेरी रंगवल्या, आणि स्कॉटलंडच्या पावसात त्या भिजून जड व्हायच्या, त्यामुळे ते नाइट्स जे गारठलेले आणि वैतागलेले दिसतात ना, ती अॅक्टिंग नाही.

घोड्यांचं तर सगळ्यांना माहितीच आहे. धुक्यातून टापांचा आवाज येतो, आपण वाट बघतो की आता घोडेस्वार येणार, आणि येतो राजा आर्थर, पायी, पण घोड्यावर बसल्यासारखा उड्या मारत, मागे पॅट्सी नावाचा नोकर पाठीवर हे भलंमोठं सामान घेऊन दोन करवंट्या एकमेकांवर वाजवतोय. रेडिओ नाटकात टापांचा आवाज करवंट्यांनीच काढायचे, ती जुनी युक्ती यांनी पडद्यावर उघडी केली. इथपर्यंत हा एक जोक आहे, चांगला आहे, पण एका मिनिटात संपला असता. पिक्चर तिथे थांबत नाही. तटावरचा शिपाई विचारतो की करवंट्या आणल्या कुठून, हा थंड मुलूख, इथे नारळ कुठला. आर्थर म्हणतो वाटेत मिळाल्या, मग स्वॅलो पक्षी हिवाळ्यात स्थलांतर करतात त्यांनी आणला असेल. शिपाई म्हणतो पाच औंसाचा पक्षी एक पाउंडाचा नारळ उचलणार कसा. मग दुसरा शिपाई येतो आणि आफ्रिकन की युरोपियन यावर दोघांची जुंपते, आणि आर्थर, ज्याला विधिलिखिताने इंग्लंडचा राजा केलंय, तो निरोप द्यायला आलेला तसाच खाली ताटकळत उभा, शेवटी कंटाळून निघून जातो.

(तो स्वॅलो म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात तारांवर ओळीने बसलेली दिसते ती माळभिंगरी, तीच जात. वजन विसेक ग्रॅम. पाच औंस म्हणजे 140 ग्रॅम, म्हणजे शिपायानेही सातपट वाढवून सांगितलंय. आणि कोकणातल्या कुणाही माणसाला विचारा, सोललेला नारळसुद्धा अर्ध्या किलोच्या घरात जातो, सोडणासकट तर विचारूच नका.)

माझ्या मते अख्ख्या पिक्चरची किल्ली इथेच आहे. आर्थरला कुणी "तू खोटा आहेस" म्हणत नाही. कुणी त्याच्याकडे बघून डोळा मारत नाही. उलट सगळे जण त्याचं म्हणणं नको तितकं सिरियसली घेतात, आणि सिरियसली घेऊन एक साधा व्यवहारी प्रश्न विचारतात, आणि दंतकथेला नेमका तोच प्रश्न झेपत नाही. दंतकथा राक्षसाला पुरून उरते हो, पण नारळ आणला कुठून याला तिच्याकडे उत्तर नसतं.

दलदलीतल्या शेतकऱ्याचा सीन घ्या. आर्थर सांगतो की तळ्यातल्या देवीने पाण्यातून हात वर काढून मला तलवार दिली म्हणून मी राजा. मागे संगीत चढत जातं. आणि तो चिखलात बसलेला डेनिस म्हणतो की आमचं इथे कम्यून आहे, आळीपाळीने एक जण आठवड्याचा कारभार बघतो, त्याचे सगळे निर्णय बैठकीत मंजूर व्हावे लागतात, आणि तळ्यात पडलेल्या बाईने तलवार फेकली म्हणून काय सत्ता मिळते होय. 1974 मध्ये ब्रिटनमध्ये खाण कामगारांचा संप, वीज वाचवायला आठवड्याला तीनच दिवस कारखाने, आणि एकाच वर्षात दोनदा निवडणुका झालेल्या, त्यामुळे ही युनियनच्या बैठकीतली भाषा प्रेक्षकांच्या कानात रोज पडत होती. पण तो संदर्भ माहीत नसला तरी सीन चालतो, कारण डेनिस बरोबर बोलतोय! आणि आर्थर चिडून त्याची मानगूट धरतो तेव्हा डेनिस आनंदाने ओरडतो की बघा बघा, दडपशाही बघा.

चेटकिणीचा सीन याच्या उलटा आहे, तिथे लॉजिक गंडलेलं आणि उत्तर बरोबर. चेटकीण जळते, लाकूडही जळतं, म्हणजे चेटकीण लाकडाची, लाकूड पाण्यावर तरंगतं, बदकही तरंगतं, म्हणजे ही बाई बदकाइतक्या वजनाची भरली तर चेटकीण. तराजूत घालतात आणि काटा बरोबर मधोमध, आणि ती बाई हळूच कबूल करते की हो बाबा, पकडलंत. मला हा सगळ्यात खतरनाक जोक वाटतो, कारण आपण हुश्शार होऊन त्या अडाणी गावकऱ्यांना हसत असतो आणि पिक्चर आपल्यालाच टपली मारून पुढे जातो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पहिल्या स्क्रीनिंगला लोक का नाही हसले?

त्या वेळी पिक्चरला नील इनेसचं म्युझिक होतं. इनेस म्हणजे त्यांच्यातलाच गडी, पिक्चरमधली गाणी त्याचीच, ती राहिलीही. पण पार्श्वसंगीत म्हणून त्याने जे केलं होतं ते साधारण जुन्या काळाला शोभेलसं, अंगाने बारीक. दिग्दर्शक दोघे होते, गिलियम आणि जोन्स. जोन्सच्या लक्षात आलं की लोक हसायचे थांबतात त्याचा संबंध आवाजाशी आहे. मग त्यांनी एडिटिंग परत परत केलं, ठिकठिकाणी आवाज कमी केले, आणि इनेसचं बरंचसं पार्श्वसंगीत काढून डी वुल्फ नावाच्या म्युझिक लायब्ररीतलं तयार संगीत लावलं, तेच ते तुताऱ्या-नगाऱ्यांचं, छाती फुगवणारं, कुठल्याही युद्धपटाला चिकटवता येईल असं.

याचा अर्थ नीट बघा. कॉमेडी चालत नाही म्हणून त्यांनी पिक्चर जास्त कॉमेडी केला नाही, जास्त गंभीर केला. संगीत खरंखुरं वीरश्रीचं झालं तेव्हा त्याखालच्या करवंट्या हास्यास्पद झाल्या. आधी संगीतसुद्धा किरकोळ आणि राजाही किरकोळ, मग पडायचं कुठून? उंची असल्याशिवाय पडण्यात मजा नाही.

दृश्यांच्या बाबतीत हे गिलियमने आधीच केलं होतं. हा पिक्चर आवाज बंद करून बघा कधीतरी. धुकं, चिखल, काळे कातळ, ग्लेन्कोची दरी, मशालींचा उजेड, प्रेतांची गाडी. कॉमेडी पिक्चर वाटतच नाही. तेव्हाचे मोठ्या बजेटचे आर्थरपट बघितले तर त्यात सगळे अंघोळ करून आल्यासारखे दिसतात, आणि इथे एक जण दुसऱ्याला सांगतो की तो जाणारा माणूस राजा असणार, कारण त्याच्या अंगाला घाण लागलेली नाही. कितीतरी जण म्हणतात की या येडपट पिक्चरमधलं मध्ययुग जास्त खरं वाटतं, आणि मला ते पटतं, फक्त पाटीवर इसवी सन 932 लिहिलंय, किल्ला चौदाव्या शतकातला, आणि प्लेगची गाडी 1348 नंतरची शोभणारी, ही सगळी खिचडी आहे हे मान्य करून. पण ही खिचडी जुनीच आहे. मॅलरीने आर्थरची गोष्ट लिहिली, जी 1485 मध्ये छापून आली, त्यानेही पाचव्या-सहाव्या शतकातल्या म्हणवल्या जाणाऱ्या राजाला आपल्या काळातली चिलखतं घातली होती.

आणि चॅपमनचं काम. तो आर्थरला शंभर टक्के राजासारखा करतो, थकलेला, जबाबदारीने वाकलेला, सभ्य माणूस. काळ्या नाइटशी लढताना हा माणूस खरोखर सांगतोय की बाबा तुझा हात तुटलाय, आता थांब. समोरचा म्हणतो खरचटलंय नुसतं. दुसरा हात जातो, मग पाय, मग दुसरा पाय, आणि ते धड ओरडतंय की पळतोस काय, ये, चावतो तुला. (एका पायावर उड्या मारणारा जो शॉट आहे त्यात खरोखर एकच पाय असलेला माणूस वापरलाय.) याच्या मागे क्लीझची शाळेतली एक आठवण आहे, मास्तरांनी एका रोमन पैलवानाची गोष्ट सांगितली होती की तो मरेपर्यंत हरला नाही, तात्पर्य काय तर हार मानू नका, आणि क्लीझला तेव्हाच ते तात्पर्य येडचाप वाटलं होतं. शौर्याच्या सगळ्या गोष्टी जिथे थांबतात त्याच्या दोन पावलं पुढे नेऊन ठेवलं की त्या कशा दिसतात, ते हे.

आर्थरच्या नाइट्सपैकी सर रॉबिनचं प्रकरण त्याच जातीचं. त्याच्या मागे त्याचा शाहीर फिरतो आणि पोवाडा गातो, आमचे रॉबिनराव किती शूर, डोळे फोडले, हातपाय तोडले तरी घाबरत नाहीत, आणि तपशील वाढत जातात तसा रॉबिन पांढरा पडत जातो. तीन तोंडांचा नाइट दिसल्यावर तो शेपूट घालून पळतो तर शाहीर त्याच चालीत, त्याच ठसक्यात, पळण्याचाही पोवाडा गातो. इनेसच आहे तो गाणारा.

मग ते पांढरं ससं. गुहेच्या तोंडाशी एक गोंडस ससा बसलाय, जादूगार टिम घसा फोडून सांगतोय की हा राक्षस आहे, कुणी ऐकत नाही, आणि ससा उडी मारून एका नाइटची मान तोडतो. लोकांना वाटतं हा पायथनवाल्यांचा निव्वळ आचरटपणा. पण तेराव्या-चौदाव्या शतकातल्या हस्तलिखितांच्या समासात असे ससे सर्रास सापडतात, शिकाऱ्याला बांधून नेणारे, कुत्र्याला फासावर चढवणारे, हातात कुऱ्हाड घेतलेले. पॅरिसच्या नोत्र दामच्या दर्शनी भागावर भित्रेपणा दाखवायला ससा बघून तलवार टाकून पळणारा शूरवीर कोरलाय. म्हणजे नाइट लोकांची टर उडवायचं काम मध्ययुगातल्या लोकांनी स्वतःच सुरू केलं होतं, आणि तेही धार्मिक पोथ्यांच्या कडेला, आणि देवळाच्या दारात. चॉसरनेही केलंय, त्याच्या यात्रेकरूंच्या गोष्टींत तो स्वतः एका 'सर थोपास' नावाच्या नाइटची कथा सांगायला लागतो, ती मुद्दाम इतकी रटाळ आणि ठोकळेबाज की खानावळवाला मधेच म्हणतो बास कर रे बाबा, आणि गोष्ट अर्धवट तुटते. जोन्स चॉसरच्या नादी लागलेला होता म्हटलं ते यासाठी. पिक्चरचा शेवटही असाच तुटतो: आर्थर सैन्य घेऊन किल्ल्यावर चाल करणार, संगीत टिपेला, सैन्य धावत सुटलंय, आणि पोलिसांची गाडी येते, आजच्या काळातली, आर्थरला बेड्या, एक पोलीस कॅमेऱ्यावर हात ठेवतो, संपलं. मधे एका घोडेस्वाराने, ज्याचा घोडा हा पिक्चरमधला एकमेव खरा घोडा, टीव्हीवरच्या एका इतिहासकाराला कापलेलं असतं, त्याचा तपास चालू होता. मोठी लढाई दाखवायला पैसे नव्हते हेही आहेच, पण ज्यांना हा शेवट म्हणजे चीटिंग वाटतं त्यांच्याशी मी वाद घालणार नाही, पहिल्यांदा बघताना वाटतंच तसं.

आपल्याकडे हे समजायला जड नाही. तमाशाच्या गवळणीत पेंद्या आणि मावशी कृष्णाची जी खेचतात ती बघणारे लोक सकाळी उठून त्याच कृष्णाला हात जोडतात. आणि 1980 मध्ये आलेलं गंगाराम गवाणकरांचं मालवणी 'वस्त्रहरण', मच्छिंद्र कांबळींनी गाजवलेलं, तिथे गावातली मंडळी महाभारत बसवतायत आणि सगळं फसत जातं. ते नाटक उभं राहतं ते त्या मंडळींना खरोखर चांगलं महाभारत करायचंय म्हणून. त्यांनी जर आधीच ठरवलं असतं की चला गंमत करू, तर पाच मिनिटं हसलो असतो. द्रौपदी कोण हे ठाऊक नसलेल्या माणसाला त्यात निम्मं काही मिळणार नाही, आणि ग्रेलचंही तसंच आहे, म्हणजे मॅलरी वाचायची गरज नाही, पण शूर राजा, पवित्र वस्तू, खडतर प्रवास हा साचा हाडात असावा लागतो. तो आपल्या सगळ्यांच्या असतो.

सगळंच जमलंय असंही नाही. अँथ्रॅक्सच्या पोरींचा भाग मला आज रेंगाळलेला वाटतो, कारण तिथे गॅलाहॅड या नाइटला मोह होतो एवढाच जोक आहे, दंतकथेला अडचणीत आणणारा प्रश्न नाही. 'नी' म्हणणारे नाइट्स पण तसे जागच्या जागी फिरतात, झुडूप आणून द्या ही मागणी पहिल्यांदा भारी वाटते, दुसऱ्यांदा ठीक.

2005 मध्ये आयडलने यावरून 'स्पॅमलॉट' हे ब्रॉडवे म्युझिकल केलं, दिग्दर्शक माइक निकोल्स, त्या म्युझिकलला त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट म्युझिकलचा टोनी पुरस्कार मिळाला. तिथे पैसा होता, झगमगाट होता, नाच होते, आणि करवंट्या तशाच ठेवल्या होत्या. पण स्टेजवरचा आर्थर आणि बाकी सगळे प्रेक्षकांच्या बाजूने आहेत, त्यांना माहीत आहे की आपण विनोदी आहोत, शेवटी लग्न लागतं आणि सगळे खूश. शो म्हणून एकदम मस्त, पण चॅपमनच्या आर्थरला आपण विनोदी आहोत याचा पत्ताच नव्हता. डून किल्ल्यावर आता पर्यटकांना ऑडिओ गाइड मिळतो, आवाज जोन्सचा, आणि मागितल्या तर करवंट्याही मिळतात. मोठमोठी माणसं तिथल्या अंगणात त्या वाजवत दौडत असतात.